प्लॅस्टिकच्या नावाची प्रजाती: एका शोधनिबंधाचं परीक्षण

२०२० च्या मार्चमध्ये 'झूटॅक्सा' या वर्गीकरणशास्त्राला वाहिलेल्या नियतकालिकात एक पेपर आला. लेखक जोहाना वेस्टन, अ‍ॅलन जेमिसन आणि त्यांचे सहकारी. पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेत सापडलेल्या एका अ‍ॅम्फिपॉडची नवी प्रजाती त्यांनी जाहीर केली आणि तिचं नाव ठेवलं 'युरिथेनिस प्लॅस्टिकस'. का, तर एका प्राण्याच्या आतड्यात प्लॅस्टिकचा एक तंतू सापडला. बातमी जगभर गेली. 'इतक्या खोल समुद्रातही प्लॅस्टिक पोचलं' असे मथळे तुम्हीही पाहिले असतील.

पण मथळा वाचणं वेगळं आणि पेपर वाचणं वेगळं. पीएचडीची तयारी करताना हा फरक लवकर कळलेला बरा, म्हणून आज हाच पेपर परीक्षणासाठी घेतला आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: या पेपरचा खरा दावा प्लॅस्टिकबद्दल नाहीच. 'हा प्राणी इतरांपेक्षा वेगळी प्रजाती आहे' हा तो दावा. तो बऱ्यापैकी भक्कम आहे, पण त्यात एक फट आहे. आणि नाव इतकं जोरात बोलतं की दावाही ऐकू येत नाही आणि ती फटही दिसत नाही.

आधी प्राणी कोणता ते बघू

अ‍ॅम्फिपॉड म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातले कवचधारी जीव. किनाऱ्यावर वाहून आलेलं, कुजणारं शेवाळ उचललं की खालून टुणटुण उड्या मारणारे बारीक किडे दिसतात ना, त्यांच्यातलेही बरेचसे याच गटातले. शरीर दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं, पाठ कमानदार, आणि पायांच्या सात जोड्या. त्यातल्या पहिल्या दोन जोड्या पकडण्यासाठी बदललेल्या असतात, त्यांना नॅथोपॉड म्हणतात.

किनाऱ्यावरचे हे जीव बहुतेक नखाएवढे असतात. युरिथेनिस मात्र या गटातले पहिलवान. या वंशातला सर्वात मोठा प्राणी १५४ मिलिमीटरचा नोंदवलेला आहे, म्हणजे तळहाताच्या जवळपास लांबीचा. खोल समुद्रात हे सफाई कामगारांचं काम करतात. वरून मेलेला मासा पडला की वासावर येतात आणि फडशा पाडतात. म्हणूनच त्यांना पकडायची पद्धतही साधी आहे: आमिष लावलेला सापळा तळाशी सोडायचा आणि काही तासांनी वर काढायचा. प्लॅस्टिकसचे नमुने २०१४ मध्ये असेच मिळाले, ६०१० ते ६९४९ मीटर खोलीवर.

इथे पहिली खूण करून ठेवा. मारियाना गर्ता जगातली सर्वात खोल, तिचा तळ जवळपास अकरा किलोमीटरवर. हे प्राणी मिळाले ते तळाच्या सुमारे चार किलोमीटर वर. ६००० मीटरच्या खाली 'हेडल' विभाग सुरू होतो असं मानतात, म्हणजे नमुने या विभागाच्या वरच्या पट्ट्यातले आहेत. 'जगातल्या सर्वात खोल जागी सापडलेला प्राणी' हे वाक्य पेपरमध्ये नाही, ते मथळ्यांनी तयार केलं. पेपर हातात घेतला की आधी आकडे बघायचे ते यासाठीच.

एका नावाखाली दोनशे वर्षं

नवी प्रजाती ही 'सापडत' नाही, ती जुन्या नावांतून वेगळी काढावी लागते. त्यामुळे प्लॅस्टिकस समजून घ्यायची तर आधी 'ग्रिलस'ची गोष्ट माहीत हवी.

'युरिथेनिस ग्रिलस' हे नाव १८२२ सालचं. पुढची जवळजवळ दोन शतकं जगभरातल्या खोल समुद्रातून मोठा, लालसर युरिथेनिस वर आला की बहुतेक वेळा त्याच्यावर हेच लेबल चिकटवलं गेलं. आर्क्टिक, अंटार्क्टिक, अटलांटिक, पॅसिफिक, सगळीकडे ग्रिलस. काहीशे मीटर खोलीपासून हेडलपर्यंत ग्रिलस. पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून छान: एकच प्राणी, सगळे महासागर, सगळ्या खोल्या.

२०१३ मध्ये शार्लट हॅवरमन्स आणि सहकाऱ्यांनी 'प्लॉस वन'मध्ये या चित्राला धक्का दिला. त्यांनी निरनिराळ्या महासागरांतल्या 'ग्रिलस'चा डीएनए तपासला आणि एका नावाखाली प्रजाती म्हणता येतील अशा नऊ शाखा निघाल्या. सुमारे ३००० मीटरच्या आसपास जनुकीय सीमारेषा दिसली: तिच्या वरचे वेगळे, खालचे वेगळे. खोलवरच्या शाखांपैकी पाच तर प्रत्येकी एकाच महासागरी खोऱ्यापुरत्या मर्यादित दिसत होत्या.

मग नावं देण्याचं काम सुरू झालं. २०१५ मध्ये दुदेकेम दाको आणि हॅवरमन्स यांनी तीन नव्या प्रजाती मांडल्या: मालदोरोर, सिग्मिफेरस आणि अंधकारे. शेवटचं नाव मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. 'अंधकार' हा आपलाच शब्द, संस्कृतातून थेट लॅटिन व्याकरणाच्या साच्यात गेलेला. २०१७ मध्ये जपानजवळच्या समुद्रातून 'इक्विलेटस' आली. जुन्या चार धरल्या तर आठ झाल्या, आणि प्लॅस्टिकस नववी.

आता एक सापळा बघा. २०१३ च्या पेपरमध्ये 'नऊ शाखा', २०२० च्या पेपरमध्ये 'नववी प्रजाती'. घाईत वाचणारा म्हणेल, झालं की, नऊच्या नऊ शाखांना नावं मिळाली. अजिबात नाही. पहिले नऊ हे ग्रिलस या एका नावाच्या आतले डीएनएचे गट आहेत. दुसरे नऊ ही संपूर्ण वंशातली अधिकृत नावं, त्यात ग्रिलसच्या भानगडीशी संबंध नसलेल्या प्रजातीही आल्या. ज्यांना अजून नाव नाही अशा शाखा तेव्हाही शिल्लक होत्या. तुमच्या साहित्य-आढाव्यात दोन पेपरमधले आकडे शेजारी ठेवाल तेव्हा ते एकाच गोष्टीची मोजणी करतात का, हे आधी विचारा.

पेपरचं बळ कशात आहे

प्लॅस्टिकसच्या लेखकांनी दोन बाजूंनी पुरावा दिला आहे. एक, शरीररचना. दोन, डीएनए. दोन्ही बाजूंनी निष्कर्ष एकच: हा गट वेगळा आहे. यालाच एकात्मिक वर्गीकरण म्हणतात आणि या वंशात त्याला पर्याय नाही.

का पर्याय नाही? कारण हे प्राणी दिसायला कमालीचे सारखे. फरक शोधायचा तो मुखावयवांत, नॅथोपॉडच्या तळव्याच्या कडेत, पायांच्या बुडाशी असलेल्या कॉक्सा या पत्र्यांच्या आकारात, पोटाच्या बाजूच्या पत्र्याच्या कोपऱ्यात. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक अवयव सुटा करून चित्र काढायचं. त्यातही पंचाईत अशी, की प्राणी वाढतो तसे यातले काही आकार बदलतात. लहान पिल्लू आणि मोठी मादी शेजारी ठेवलीत तर एकाच प्रजातीच्या दोन प्रजाती होऊ शकतात. नुसत्या रचनेवर विसंबणं धोक्याचं. उलट बाजूने, नुसत्या डीएनएवर शाखा वेगळी काढली आणि रचनेतली एकही खूण सांगितली नाही, तर ज्याच्याकडे प्रयोगशाळा नाही त्याला तो प्राणी ओळखताच येणार नाही.

म्हणून हा पेपर वाचताना गोषवाऱ्यानंतर थेट शेवटच्या चर्चेवर उडी मारू नका. आधी 'तपासलेले नमुने' हा कंटाळवाणा वाटणारा भाग वाचा. किती प्राणी, कुठून, किती खोलीवरून, नर किती, माद्या किती, पिल्लं किती, होलोटाइप कोणता. होलोटाइप म्हणजे तो एकच नमुना ज्याला नाव कायमचं बांधलेलं असतं. उद्या कोणी म्हणालं 'माझ्याकडचा प्राणीही प्लॅस्टिकसच', तर वाद त्या एका नमुन्याशी तुलना करूनच मिटतो.

ग्रिलसच्या बाबतीत नेमकं हेच अवघड गेलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या नावाचा खरा मालक नऊपैकी कोणती शाखा? जुन्या संग्रहांतले कितीतरी नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले असतात, आणि फॉर्मॅलिन डीएनए खराब करतं. हॅवरमन्स यांच्या गटाला शेवटी रचनेचा आधार घ्यावा लागला. दोन्ही ध्रुवांकडे, कमी खोलीवर आढळणारी शाखा 'खऱ्या' ग्रिलसच्या सर्वात जवळची वाटते, असं सावध विधान त्यांनी केलं. 'वाटते' हा शब्द लक्षात ठेवा. चांगल्या वर्गीकरणतज्ज्ञाची ओळख अशा क्रियापदांवरून पटते.

फट कुठे आहे

आता माझी तक्रार. पेपरचा गोषवारा सांगतो की मायटोकॉन्ड्रियामधल्या दोन भागांच्या आधारे, १६एस आणि सीओआय, ही शाखा भक्कम ठरते. वाचणाऱ्याला वाटतं, दोन जीन म्हणजे दोन पुरावे.

पण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बहुतेक प्राण्यांत एकसंध साखळी म्हणून आईकडून पिल्लाकडे जातो. १६एस आणि सीओआय त्याच साखळीवर बसलेले आहेत, त्यांचा इतिहास एकच. हे म्हणजे एकाच घरातले दोन साक्षीदार कोर्टात उभे करण्यासारखं झालं. दोघांची साक्ष जुळली याचं आश्चर्य नाही, जुळली नसती तरच आश्चर्य वाटलं असतं. आईच्या बाजूची वंशावळ वेगळी आहे एवढं यातून सिद्ध होतं. दोन गटांत अधूनमधून संकर होतो का, नरांमार्फत जनुकांची देवघेव चालू आहे का, हे कळायला पेशीकेंद्रातला डीएनए तपासायला हवा. २०१३ च्या कामात २८एस हा केंद्रकातला भाग घेतलेला होता. तो सावकाश बदलतो, त्यामुळे जवळच्या प्रजातींत फारसा फरक दाखवत नाही हे खरं, पण साक्षीदार निदान दुसऱ्या घरचा होता.

मग दावा कोसळतो का? नाही. कारण रचनेचा पुरावा स्वतंत्र आहे. दोन साक्षीदार आहेतच: एक मायटोकॉन्ड्रिया, दुसरं शरीर. मी फक्त एवढंच म्हणेन की मोजणी नीट करा. हे तीन पुरावे नव्हेत, दोनच आहेत. आणि 'प्रजाती' हा निष्कर्ष म्हणजे उत्तम आधार असलेलं गृहीतक आहे. पुढे जास्त जीन आणि जास्त ठिकाणचे नमुने आले की ते तपासलं जाणारच. याच गटाने २०२१ मध्ये पेरू-चिलीजवळच्या गर्तेतून 'अटाकामेन्सिस' ही आणखी एक प्रजाती मांडली, तेव्हाही हेच दोन जीन हाताशी होते. थोडक्यात, ही एका पेपरची खोट नाही, या क्षेत्राची सवय आहे. नव्या संशोधकाला काम करायला जागा आहे ती इथे.

आणि तो तंतू

आता प्लॅस्टिककडे येऊ. पेपर सांगतो: एका प्राण्याच्या पश्चांत्रात, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात, एक सूक्ष्म तंतू मिळाला आणि तो पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेटशी ८३.७४ टक्के जुळला. पाण्याच्या बाटल्या आणि पॉलिएस्टरचे कपडे ज्याचे बनतात तेच हे पीईटी.

या आकड्याचा अर्थ 'तंतू ८३.७४ टक्के प्लॅस्टिकचा होता' असा काढू नका. अशा चाचणीत तंतूचा वर्णपट संग्रहातल्या ज्ञात पदार्थांच्या वर्णपटांशी ताडून बघतात, आणि टक्केवारी सांगते ती जुळणी किती झाली ते. आतड्याचा शेवटचा भाग तपासण्यात शहाणपण आहे. प्राणी सापळ्यात शिरल्यावर आमिष खातोच. त्या आमिषातून काही आत गेलं असलं तरी ते इतक्या लवकर शेवटच्या टोकाला पोचण्याची शक्यता कमी.

पण एक प्राणी, एक तंतू. खोल समुद्रातल्या प्लॅस्टिकबद्दल यावरून किती बोलता येईल? फार थोडं. ज्यांना त्या प्रश्नात रस आहे त्यांनी जेमिसन यांच्या गटाचा २०१९ चा पेपर वाचावा. पॅसिफिकच्या कडेच्या सहा गर्तांमधले ९० अ‍ॅम्फिपॉड त्यांनी तपासले आणि ६५ मध्ये किमान एक सूक्ष्म कण किंवा तंतू मिळाला, म्हणजे ७२ टक्क्यांहून जास्त प्राण्यांत. प्लॅस्टिकचा पुरावा तिथे आहे. प्लॅस्टिकसच्या पेपरमध्ये आहे ते त्याचं एक उदाहरण.

मग नाव चुकलं का? नियमांच्या दृष्टीने मुळीच नाही. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता नाव समर्पक असलंच पाहिजे असं म्हणत नाही. अयोग्य वाटतं म्हणून नाव रद्दही करता येत नाही. 'अंधकारे' तरी कुठे फक्त त्या एका प्रजातीला लागू पडतं? अंधारात तर हे सगळेच राहतात. तेव्हा 'हा गुण इतरांतही आहे' हा माझा आक्षेप नाही.

आक्षेप वेगळा आहे. 'अंधकार' वाचून कोणी तो संशोधनाचा निष्कर्ष समजत नाही, 'प्लॅस्टिकस' वाचून मात्र सगळे समजतात. नाव हे लेबल असतं, पण इथे लेबलच बातमी बनलं. लोकांचं लक्ष वेधायला लेखकांनी हे नाव मुद्दाम निवडलं, आणि त्यांचा हेतू रास्त आहे. पण त्याची किंमत अशी की वीस पानांच्या आसपासच्या या पेपरमधली एक ओळ जगाला पाठ झाली, आणि उरलेलं काम, म्हणजे ज्यासाठी महिनोन्महिने सूक्ष्मदर्शकावर डोळे शिणवावे लागतात ते, कोणाच्या गावीही नाही.

हे सगळं का महत्त्वाचं

तुम्ही म्हणाल, अंधारातल्या एका किड्याचं नाव ग्रिलस की प्लॅस्टिकस, काय फरक पडतो?

फरक पडतो, आणि तो आपल्या दारात पडतो. मध्य हिंद महासागराच्या तळावर भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र आहे. तिथल्या बहुधातूंच्या गोळ्यांच्या शोधासाठी आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी २००२ मध्ये करार झाला. गोव्यात दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी या खोऱ्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. उद्या तिथे खाणकाम करायचं ठरलं तर आधी विचारलं जाईल: तळावर कोण राहतं?

समजा यादीत लिहिलं, 'ग्रिलस, सर्व महासागरांत आढळतो'. मग निष्कर्ष सोपा: इथले मेले तरी दुसरीकडून येतील. पण त्याच प्राण्याची शाखा एका खोऱ्यापुरतीच असेल, तर इथून गेली म्हणजे जगातून गेली. यादीतलं एक नाव बदललं की निर्णय उलटतो. आणि ते नाव बरोबर की चूक हे ठरतं कोणीतरी नॅथोपॉडची कड किती काळजीने काढली यावर, दोन साक्षीदार दोन घरचे होते का यावर.

त्यामुळे हा पेपर वाचाच, अशी माझी शिफारस आहे. फक्त क्रम उलटा ठेवा. तपासलेले नमुने, मग रचनेतल्या खुणा आणि आकृत्या, मग वंशवृक्ष आणि त्याला वापरलेले जीन, मग चर्चा, आणि तंतू सर्वात शेवटी. प्रत्येक टप्प्यावर पेन हातात ठेवा आणि समासात एकच प्रश्न लिहा: 'हे वाक्य कोणत्या पुराव्यावर उभं आहे?' ज्या वाक्याशेजारी उत्तर लिहिता येणार नाही, तिथे तुमच्या स्वतःच्या संशोधनाचा विषय दडलेला असू शकतो.